माझ्या नावाचं औषध

१० ऑक्टोबर

टाक वैद्यांनी माझ्या नातीला, गारमला, रिकाम्या हाताने परत पाठवलं!

पोरगी घरात शिरली ती थेट खोलीत, दार लावून. मी बाहेरून विचारतोय, "काय म्हणाले गं?" जेवायला बसल्यावर फुटली.

"आजोबा, तुमच्या वैद्यांनी सगळ्या बायकांसमोर मला काट्यावर उभं केलं. तो कोपऱ्यातला काटा! आणि शेजारची थेहोची आई मान लांब करून आकडा वाचत होती."

काटा त्या कोपऱ्यात मीच ठेवला होता. एकतीस वर्षं त्या दवाखान्यात काढे उकळले मी. येणाजाणाऱ्याच्या पायात येऊ नये, एवढाच विचार केला होता. तिथे उभं राहणाऱ्याचं काय होत असेल, हे कधी डोक्यात आलं नाही.

"मग वजनाचं औषध?"

"औषध कसलं! दोन्ही मनगटं धरून बसले अर्धा तास, डोळे मिटून. मला वाटलं झोपले. मग म्हणतात — तुझ्यात कमी करण्यासारखं काही नाही, पोरी. नीट जेव. म्हणे जेव!"

माझी लेक मिसुक, गारमची आई, मुळ्याच्या फोडी वाढत होती. वर न बघता म्हणाली, "बँकेतल्या पोरी बघितल्यास का कशा असतात? वैद्यांना काय, त्यांना थोडीच मुलाखत द्यायचीय."

गारम हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवून उठली. भात तसाच.

११ ऑक्टोबर

सकाळीच दवाखान्यात गेलो. भांडायलाच गेलो होतो, खरं सांगायचं तर. टाक वैद्य अंगणात हिरव्या काड्यांचे सांधे खुडत बसले होते — माह्वांग, भूक मारणारी वनस्पती. हे काम माझं होतं. सांधे काढायचे, आधी ती एकटीच उकळायची, वर येणारा फेस पळीने काढून टाकायचा, मग बाकीची औषधं आत. फेस पोटात गेला तर माणसाची छाती घोड्यासारखी धावते. एकतीस वर्षं मी फेस काढला. कपाटाच्या खणांवरची नावं वाचत वाचत अक्षरं शिकलो, आणि त्यातलंही पहिलं नाव हेच.

"काय रे इल-दो, नातीसाठी आलास?"

"तुम्ही तिला जेव म्हणालात. ती आता तेवढंही जेवत नाही."

त्यांनी काडी खाली ठेवली. "तिची नाडी अडखळते. दहाबारा पावलं नीट टाकते, मग एक पाऊल चुकतं. लहानपणी काही होतं का?"

होतं. बाराव्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, वयाबरोबर गेलं.

"गेलेलं नाही. वॉनजूच्या मोठ्या इस्पितळात दाखव."

दाखवतो म्हणालो. वीस नोव्हेंबरला मुलाखत आहे. ती झाली की लगेच. आत्ता सांगितलं तर पोरगी हाय खायची.

१३ ऑक्टोबर

हे वहीत लिहून ठेवतो, म्हणजे मलाच समजेल की पोरगी एवढी का झुरतेय. सव्वीस वर्षांची. बँकेच्या नोकरीसाठी तीनदा शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि तीनदा परत आली. तिसऱ्या वेळी बाहेर बाकावर बसली असताना आतल्या दोघांचं बोलणं ऐकू आलं म्हणे — "हुशार आहे, पण खिडकीवर बसवायची म्हणजे..." पुढचं वाक्य दाराने गिळलं. ते अर्धं वाक्य पोरगी गेले चार महिने चघळतेय.

मला तर तिचे गाल आवडतात. तिच्या आजीचे आहेत ते.

१४ ऑक्टोबर

गारमने सोल शहरातल्या एका दवाखान्याला फोन लावला. तिथेही आपलेच वैद्य, आपलीच औषधं — पण जायचं नाही, यायचं नाही. फोनवर बोलायचं, दुसऱ्या दिवशी खोकं दारात. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. कसलं मऊ बोलणं त्या बाईचं! काटा नाही, थेहोची आई नाही. गारमचा आवाजसुद्धा सैल झाला. वजन एकसष्ट, हे तिने आपणहून सांगितलं, न अडखळता. मला बरं वाटलं. म्हटलं, काळ बदलला तो काही वाईट नाही बदलला.

मग बाईंनी छातीबद्दल विचारलं असणार. गारम खरं बोलली. लहानपणीचं, आणि जिना चढताना होतं तेही.

मग — "बरं. बरं. नाही, समजलं मला. धन्यवाद."

फोन ठेवून म्हणाली, "हृदयाची तपासणी करून कागद घेऊन समोर या म्हणे. त्याशिवाय देणार नाही."

इथेही नाही, तिथेही नाही. एकाने हात धरून नाही म्हटलं, एकीने लांबून.

१७ ऑक्टोबर

तीन दिवस पोरीच्या पोटात नुसतं बार्लीचं पाणी.

१८ ऑक्टोबर

न्हाणीघरातून ओकण्याचा आवाज आला. नळ सोडला होता तिने, पण मला नळाखालचं ऐकू येतं. मिसुक कामावर. मी दाराशी उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "गारम, पेज करू का पातळ?"

आतून म्हणाली, "आजोबा, औषध असतं ना, तर मी थोडं थोडं जेवले असते. भूकच कमी लागली असती तर असं करावं लागलं नसतं."

मग बाहेर आली आणि माझ्या गुडघ्यांशी बसली. लहानपणी मनगट धरायचा खेळ खेळायची, तशी. "आजोबा, तुमचं वजन किती?"

मला तिथेच कळलं ती काय मागतेय.

१९ ऑक्टोबर

दिवसभर विचार केला. नाही म्हणायची शंभर कारणं मला ठाऊक. त्या दवाखान्यात कितीक आया आल्या — मुलाच्या परीक्षेसाठी काढा न्यायला आल्या आणि उरलेला नवऱ्याला, सासूला पाजला. चांगलं औषध वाया कसं घालवायचं म्हणून! टाक वैद्य ओरडायचे, आम्ही हसायचो. आपल्याकडे घरात औषध आलं की ते घराचंच. मायेने पाजलेलं कधी कुणाला बाधलं, असं वाटतं माणसाला.

आणि एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला जे देतील ते हलकंच असणार. ते सव्वीस वर्षांच्या पोरीला काय करणार आहे?

न जेवता मरण्यापेक्षा बरं.

२० ऑक्टोबर

केला फोन, सोलला. गारम शेजारी बसलेली, माझी बाही घट्ट धरून.

"बांग इल-दो आजोबा, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच. दुसरं कोण बोलणार? म्हातारीला जाऊन सहा वर्षं झाली."

बाई हसल्या. तरुण आवाज, पण उतावळा नव्हे. उंची विचारली. म्हटलं, "एकशे पासष्ट. पूर्वी सदुसष्ट होतो, दोन सेंटिमीटर कुठे सांडले कोण जाणे." वजन? एक्याऐंशी. कशासाठी कमी करायचंय? गुडघे. छातीत धडधड? नाही. झोप? दगडासारखी. रक्तदाब? मागच्याच महिन्यात मोजला, बरा आहे.

एक शब्द खोटा नाही!

मग त्या म्हणाल्या, "आजोबा, खरं तर या वयात मी समोर बघूनच दिलं असतं. सोलला येता येईल?"

"गुडघे, पोरी."

"मग अगदी हलक्यापासून सुरू करू. धडधडलं, झोप उडाली, तर लगेच बंद करायचं आणि मला फोन. आणि हे फक्त तुमच्यासाठी आहे हं, घरात दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"बरं," म्हणालो.

तेवढाच एक शब्द खोटा.

२२ ऑक्टोबर

खोकं आलं. मी बाजारातून येईपर्यंत कुणी तरी दारातून उचलून माझ्या अंथरुणापाशी आणून ठेवलं होतं. नाव वर, ठळक — माझं. गारमनेच ठेवलं असणार.

काळ्या बारीक गोळ्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, चंदेरी पुड्यांतून. एक दाताखाली फोडली. जीभ कोरडी पडली, टाळू ताठरली. माह्वांग! डोळे मिटूनसुद्धा ओळखलं असतं. पण थोडी, खरंच थोडी. बाकी लोणी-साखर. (म्हणजे साधी, पोटाला गोड लागणारी औषधं. आम्ही काढ्याच्या खोलीत तसं म्हणायचो.) आमच्याकडे फेस हाताने काढलेला असतो, यांचा कुणी काढला असेल? यंत्राने काढला असेल.

रोज एक पुडी, सकाळी, जेवून. जेवलीस तरच देणार, असं गारमकडून कबूल करून घेतलं.

जेवली! अर्धी वाटी भात, ट्वेनजांगची — आंबवलेल्या सोयाबीनची — आमटी, वर अख्खं अंडं. मला रडू यायचं बाकी होतं.

२७ ऑक्टोबर

पोरगी घरात गाते आहे.

३० ऑक्टोबर

मिसुकने मुलाखतीसाठी कोट-स्कर्ट आणला. गारमच्या मापापेक्षा एक नंबर लहान. मी म्हटलं, "अगं, हा शिवणीत फाटेल."

मिसुक म्हणाली, "फाटणार नाही, आबा. बघाल तुम्ही."

मला वाटलं, आईची आशा. आईला काय, पोर राजकन्याच दिसते.

३ नोव्हेंबर

गारमची कुरकूर — आता पहिल्यासारखी भूक लागते, काटा हलत नाही. दुसरा फोन.

"काय आजोबा, कसं वाटतंय?"

"छान."

"धडधड?"

"नाही."

"झोप?"

"पडल्या पडल्या."

"तोंड कोरडं पडतं? हात थरथरतात?"

"छे!"

"आणि वजन?"

"एक्याऐंशीच."

"म्हणजे औषध तुमच्या अंगाला अजून लागलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "तुमची प्रकृती दणकट दिसते. एक पायरी वाढवू या."

मी सगळं खरं सांगितलं. माझ्या छातीचं, माझ्या झोपेचं, माझ्या वजनाचं. गोळ्या दुसरीच्या पोटात.

फोन ठेवला तेव्हा गारमने माझ्या गालाचा पापा घेतला. सातवीत गेल्यापासून घेतला नव्हता.

५ नोव्हेंबर

दुसरं खोकं. हेही आधीच आत आणून ठेवलेलं. या गोळीने जीभच नाही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ही हलकी नाही.

आजच थांबवायला हवं होतं. इथे वहीत लिहितो आहे, तिला बोललो नाही.

१० नोव्हेंबर

रिकाम्या पुड्या केराच्या डब्यात जास्त दिसतात. विचारलं तर म्हणते, "कालच्या असतील, आजोबा." भरभर बोलते. हाताला काम लागतं सारखं — भांडी घासलेली पुन्हा घासते, खिडक्या पुसते. ओठांवर पापुद्रे. "पाणी पी," म्हणालो. "प्याले." "मनगट आण इकडे." हात मागे घेतला. हसत म्हणाली, "तुम्हाला कुठे नाडी येते, आजोबा? तुम्ही तर फेसवाले."

खरंच आहे. मी फेसवाला. वैद्याच्या शेजारी एकतीस वर्षं उभा राहून माणूस वैद्य होत नाही.

१५ नोव्हेंबर

किमची घालायचा दिवस. अंगणात कोबीचे डोंगर. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या, कोपरापर्यंत मिरचीच्या वाटणाने लाल. गारम टोपल्या उचलून धावत होती.

थेहोची आई ओरडली, "अगं बया, गाल कुठे ठेवून आलीस? मी ओळखलंच नाही!"

दुसरी म्हणाली, "आता बघा, बँकवाले खिडकी नाही, अख्खी बँक देतील हिला."

"आम्हालाही सांग की औषध! आमच्या पोटांनी काय पाप केलंय?"

सगळ्या हसल्या. गारम लाजली, आणि तिचा चेहरा असा उजळला — असा उजळला की मी तोंडातला शब्द गिळला. मिसुकने कोबीचं आतलं कोवळं पान लाल वाटणात घोळवून तिच्या तोंडात कोंबलं. "घे, आज चालतंय." मायलेकी किती दिवसांनी एकत्र हसल्या.

एवढ्यात गारम टोपली खाली ठेवून भिंतीला टेकली. क्षणभरच. पंजा छातीवर. मी बघितलं. मिसुकनेही बघितलं.

"वाकून वाकून चक्कर आली," गारम म्हणाली. मिसुकने मिठाचं पाणी झटकलं आणि पुढचा कोबी घेतला. मीही मुळे किसत राहिलो.

पाच दिवस राहिलेत, म्हटलं मनाशी. पाच दिवस, मग वॉनजू.

१९ नोव्हेंबर

गारम पडली.

२१ नोव्हेंबर

लिहायचं ठरवलंय.

परवा सकाळी ती गावाच्या न्हाणीघरात गेली, बाजाराच्या मागे आहे त्या. उद्या मुलाखत, शेवटचा घाम काढते म्हणाली. वाफेच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. बायकांना वाटलं, पोरीला डुलकी लागली. कुणी तरी तिच्या अंगावर पंचासुद्धा पांघरला. किती वेळ गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

वॉनजूच्या इस्पितळात आहे. याच इस्पितळात तिला दाखवणार होतो मी, मुलाखतीनंतर.

हृदय पुन्हा चालू केलं त्यांनी. पण डोक्याला हवा मिळाली नाही म्हणाले. नळ्याच नळ्या. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेत होती का?"

मिसुक माझ्याकडे बघेना. मी म्हणालो, "माह्वांग असेल. वजनाची." एवढंच. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांना कुठून हे नको होतं, काय हे हवं होतं. तेवढं मी सांगितलं, हे देवा, तेवढं तरी सांगितलं.

कुठून हे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. पण सगळ्या गावाने तिला एकाच दवाखान्यात काट्यावर उभं राहिलेलं पाहिलंय.

२२ नोव्हेंबर

मिसुक टाक वैद्यांच्या दवाखान्यात गेली. थेहोच्या आईने येऊन सांगितलं मला, पाणीसुद्धा न पिता. भरल्या दवाखान्यात मिसुक किंचाळली म्हणे — "माझ्या पोरीला काय पाजलंत? एकतीस वर्षं माझ्या बापाला राबवलंत आणि माझी पोर मारलीत!" औषधाच्या कपाटाचे खण ओढून ओढून जमिनीवर उपडे केले.

"आणि वैद्य?" मी विचारलं.

"काही नाही बोलले. उभे राहिले, कमरेत वाकले आणि तसेच राहिले. मग आम्हीच उठून बाहेर पडलो. आता कोण जातंय तिथे, सांगा! मी तर तिथून आणलेला कंबरदुखीचा काढा ओतून दिला."

मी थेहोच्या आईला खुर्ची दिली. म्हटलं, बसा. ते वैद्यांचं औषध नव्हतं, एवढं वाक्य तोंडात होतं. तिला बार्लीचं पाणी दिलं. ती गेली.

२४ नोव्हेंबर

गारम तशीच.

२७ नोव्हेंबर

तशीच. पहिला बर्फ पडला.

दवाखान्याचं दार बंद आहे. कुणी तरी दारावर काही तरी लिहिलं होतं, ते पुसलेलं. मी लांबूनच वळलो.

१ डिसेंबर

फोनवर निरोप आला. "बांग इल-दो आजोबा, बरेच दिवस झाले, तुमचा फोन नाही. काही त्रास तर होत नाही ना? झोप, धडधड? मला काळजी वाटते आहे. उत्तर द्या."

काळजी वाटते! त्या बाईंनी सगळं विचारलं होतं. एक प्रश्न सोडला नव्हता. तोंडाने कितीही विचारलं तरी मनगट हातात नसेल तर मनगट कुणाचं हे कसं कळणार? आणि ज्यांच्या हातात मनगट होतं, त्यांचं मी ऐकलं नाही.

दोघांचाही दोष नाही. मधे मी उभा होतो.

४ डिसेंबर

डॉक्टरांनी मिसुकला बोलावलं होतं. फोनवर तिने मला सांगितलं — "आबा, ते म्हणतात, आता वाट बघण्यासारखं फार नाही." आवाजात काहीच नव्हतं. रडणंसुद्धा नव्हतं. मी "हं" म्हणालो. सांगायचं होतं. "मिसुक," म्हटलं. "काय, आबा?" म्हणाली. मी म्हटलं, "जेवलीस का?"

६ डिसेंबर

मिसुकला चार वेळा फोन लावला, चार वेळा घंटा वाजायच्या आत कापला. फोनवर सांगून टाकावं असं वाटतं, म्हणजे तिचा चेहरा बघावा लागणार नाही.

हाच तो आजार. याच आजाराने पोरगी गेली — चेहरा बघायला नको म्हणून.

गेली असं का लिहिलं मी? अजून आहे. अजून आहे.

९ डिसेंबर

टाक वैद्यांकडे गेलो. मागच्या दाराने, काढ्याच्या खोलीतून. चूल थंड. वैद्य जमिनीवर बसून उपडे झालेले खण लावत होते, एकेक काडी निवडून. पंधरवडा उलटला तरी तेच करतायत.

मी गुडघ्यांवर बसलो, डोकं जमिनीला टेकवलं. "वैद्य—"

"थांब," म्हणाले. "हात आण."

बोलायच्या आधी हात. नेहमीचीच रीत. तीन बोटं मनगटावर. डोळे मिटले. किती वेळ! मला माझाच ठोका त्यांच्या बोटांवर आदळताना कळत होता. ही बोटं गारमच्या मनगटावर होती. मग म्हणाले, "दगडासारखा झोपणारा माणूस तू. किती दिवस झोपला नाहीस?"

मी सगळं सांगितलं. खोकी, दोन फोन, "बरं" म्हणालो ते.

त्यांना नवल वाटलं नाही. "इस्पितळवाल्यांनी मला विचारलं होतं. म्हणाले, घरच्यांनीच माह्वांग म्हणून सांगितलं. या गावात ते नाव डॉक्टरला सांगणारं घर एकच आहे, इल-दो."

"मग गप्प का राहिलात? तुमची कागदपत्रं दाखवली असती, तर—"

"तिला मी काही दिलं नाही, हे इस्पितळाला सांगितलं. गावाला कशाला सांगू? गावाने पुढे विचारलं असतं, मग कुणी दिलं?" काड्या निवडत राहिले. मग म्हणाले, "माझंही चुकलं. अर्धा तास हात धरला आणि अर्ध्या मिनिटात घालवून दिलं. जेव म्हणालो. ती कशाला आली होती, ते विचारलंच नाही मी. ज्याला समोर बसवलं, त्याला निदान विचारायला हवं होतं."

दोघे म्हातारे बसलो. चूल पेटवावीशी वाटली, सवयीने.

निघताना म्हणाले, "मिसुकला सांग. समोर बसून सांग. फोनवर नको."

१० डिसेंबर

उद्या सकाळच्या बसने वॉनजू. चुरमुऱ्याचे लाडू गारमला आवडायचे, बाजारातून आणले. मग कळलं, कोण खाणार आहे ते! तरी पिशवीत घेतले. मिसुक खाईल. कदाचित माझ्या तोंडावर फेकेल. फेकू दे. फेकायलाच हवेत.

लेकीने मला टाकलं तर टाकलं. नात जातेय, आता लेकही जाईल. पण टाक वैद्यांच्या दारावर पुन्हा कुणी काही लिहायला नको.

११ डिसेंबर

सांगितलं. इस्पितळाच्या बाकावर, तिच्याकडे बघून, काही न गाळता.

मिसुक रडली नाही, ओरडली नाही. लाडवांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "आबा, दोन्ही खोकी दारातून आत मीच आणली. नाव तुमचं, औषध कसलं तेही वर लिहिलेलं — वाचलं होतं मी. आणि एकाऐवजी दोन पुड्या घे, असं तिला मीच सांगितलं."